मळा गेला, टॉवर अजून आला नाही: शहराच्या कडेचे फोटो कसे काढावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकच्या कडेला, म्हसरूळला नव्यानं राहायला आलात. गच्चीवरून द्राक्षबागा दिसतात आणि त्या डोळ्यांदेखत कमी होत चालल्यात. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडता, पण घरी येऊन पाहिलं की सगळे फोटो सारखेच: अर्धवट इमारत, पुढे गवत, मागे डोंगर. हा बदल दिसेल असं काम कसं करावं, लेन्स कुठली घ्यावी, ड्रोन लागेल का, आणि कुणी हटकलं तर काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

लेन्सकडे नंतर येतो, कारण दुखणं तिथं नाही. तुम्ही दोन टोकं शोधताय. एका टोकाला हिरवी बाग, दुसऱ्या टोकाला चकचकीत टॉवर. असे फोटो प्रत्येकाकडे असतात, आणि शेजारी शेजारी लावले की 'अरेरे' म्हणण्यापलीकडे बघणाऱ्याला काही करता येत नाही. शहराच्या कडेचं खरं आयुष्य या दोहोंच्या मधे असतं. बाग तुटल्यापासून पहिला कॉलम उभा राहीपर्यंत कधी वर्षभर जातं, कधी दहा-पंधरा वर्षं. या मधल्या काळाचे फोटो कुणी काढत नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही नाही असं वाटतं. माझ्या मते काम करायचं ते नेमकं यावरच.

त्या काळात काय काय घडतं ते बघा. आधी बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा भंगारात जातात. खोडं उपटून एका बाजूला ढीग लागतो. मग जेसीबी येऊन बांध मोडतो, आणि हा सगळ्यांत मोठा बदल असतो, कारण बांध गेला की शेताचा आकारच जातो. त्यानंतर मुरमाचे रस्ते पडतात, कोपऱ्यांवर प्लॉटचे दगड रोवले जातात, त्यांवर रंगानं आकडे. महावितरणचे खांब येतात. रस्ता आहे, दिवा आहे, घर एकही नाही. अशा लेआऊटमध्ये तोच शेतकरी पुढची काही वर्षं गहू-हरभरा घेतानाही दिसतो, ट्रॅक्टर प्लॉटच्या दगडांना वळसा घालत फिरतो. कुठं रोपांची नर्सरी येते, कुठं लग्नाचं लॉन, कुठं जाळी लावलेलं बॉक्स क्रिकेटचं टर्फ, कुठं तयार काँक्रीटचा आरएमसी प्लांट. संभाजीनगर रोडवरची लॉन्स बघा, गंगापूर रोडच्या पुढची हॉटेलं बघा. यांतली बरीच बांधकामं पत्र्याची, हलकी, उद्या काढता येतील अशी असतात. जमीन भाव वाढायची वाट बघत असते, आणि वाट बघता बघता थोडं कमावतही असते. हे एकदा लक्षात आलं की रिकामा दिसणारा प्लॉट रिकामा राहत नाही.

नाशिकमध्ये हा मधला काळ एवढा ठळक दिसतो याला कारण आहे. १९८२ साली महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली या नगरपालिकांबरोबर आजूबाजूची बरीच खेडीही हद्दीत आली. हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटरची झाली आणि तिच्यात कित्येक एकर मळे तसेच राहिले. त्यामुळे 'महापालिकेची हद्द समाप्त' असा फलक लागतो तिथं आपल्या शहराची कड नसते. ती आत, तुकड्यातुकड्यांनी, सोसायट्यांच्या मधोमध पसरलेली असते. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, नांदूर, पाथर्डी ही सगळी नावं शहरातली आहेत आणि गावंही आहेत. जुनं गावठाण, त्यातलं काळ्या दगडाच्या जोत्याचं घर, मारुतीचं देऊळ, पार, आणि चालत थोडंसं पुढं गेलं की लिफ्टची सातमजली इमारत. अशा ठिकाणी 'शहर गावाला गिळतंय' हे ठरलेलं वाक्य फोटोत आणू नका. गावठाणातल्याच कुणाची तरी जमीन त्या इमारतीखाली असते, आणि पुष्कळदा त्याच इमारतीत त्याचे दोन फ्लॅटही असतात.

आता जागा निवडण्याबद्दल. सगळं नाशिक टिपायला जाऊ नका. गंगापूर रोडची बाजू वेगळी आहे: आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, पुढे धरणाकडे वायनरी आणि रिसॉर्ट. तिथं पैसा लवकर आला आणि परिसर हिरवाईसकट विकला गेला, म्हणून तिथल्या बदलावर हिरवी झूल आहे. पाथर्डी फाटा ते विल्होळी ही महामार्गाची बाजू: गोदामं, शोरूम, अंबडच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची वस्ती. वडाळा-विहितगाव-देवळालीकडे लष्कराच्या जमिनीमुळे शहर भिंतीला टेकल्यासारखं एकदम थांबतं, तिथं कड सरळ रेषेत आहे. तुमच्या बाजूला म्हसरूळ-मखमलाबाद पट्ट्यात अजून पिकती शेती आहे, आणि तिच्याबद्दल जाहीर भांडणही झालं आहे. स्मार्ट सिटी योजनेत मखमलाबाद-हनुमानवाडी भागात नगररचना योजना (जमिनी एकत्र घेऊन नव्यानं प्लॉट पाडण्याची) आखली गेली तेव्हा तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी विरोध केला होता. तुम्ही राहता तिथंच काम करा. तुम्हाला तिथं रोज दूध आणायला जायचं आहे, हा कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा मोठा फायदा आहे.

त्या पट्ट्यात गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याची वाट धरा. कालव्याचा भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा वर असतो. तेवढ्या उंचीनं शेतातल्या रेषा, प्लॉटचे दगड, मुरमाचे रस्ते वेगळे दिसू लागतात. जमिनीवरून सगळं एका पट्टीत चेपलं जातं, हेच तुमच्या 'पुढे गवत, मागे डोंगर'चं कारण आहे. उंची फार नको, माणसाच्या डोक्यावर एखादा पुरुष एवढी पुरते.

या वाटेवर ठरावीक बिंदू निश्चित करा. मोजके ठेवा, दर फेरीत एका सकाळी चालून होतील इतकेच. बिंदू म्हणजे नुसती 'त्या विहिरीजवळची जागा' नव्हे. तिपाईचा मधला पाय कुठं येतो, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, तोंड कुठल्या खुणेकडे, हे सगळं ठरलेलं हवं. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. मोकळ्या दृश्यात ते चालतं, पण समोर दहा पावलांवर विजेचा खांब असेल तर एका पावलानंही चित्र बदलतं. म्हणून जवळची आणि दूरची अशा खुणांच्या जोड्या वापरा. उदाहरणार्थ, कालव्यावरच्या मोरीच्या कठड्याचा कोपरा आणि त्याच्या मागे रामशेजच्या माथ्याचा कडा, या दोहोंमधलं अंतर पहिल्या फोटोत किती होतं ते बघायचं. पुढच्या खेपेला जवळची खूण दूरच्या खुणेच्या मानानं डावीकडे सरकलेली दिसली तर तुम्ही जास्त उजवीकडे उभे आहात, डावीकडे सरका. उजवीकडे गेलेली दिसली तर उलट. दोन्ही कडांना अशी एकेक जोडी जुळली की जागा आपोआप सापडते. पहिल्या फोटोची प्रिंट खिशात ठेवा, मोबाइलच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नाही.

आपल्याकडे दूरच्या खुणा फुकट मिळतात. रामशेज, चांभार लेणीचा डोंगर, पलीकडे पांडवलेणी, हवा स्वच्छ असेल तर अंजनेरी-ब्रह्मगिरी. शहर कितीही बदललं तरी ही क्षितिजरेषा ओळखू येते. दोन धोके मात्र लक्षात ठेवा. एक, डोंगरही तसेच राहतात असं नाही, सारूळकडे खाणींनी काय केलंय ते जाऊन बघा. दुसरा जास्त नेहमीचा: ज्या डोंगराच्या आधारानं तुम्ही बिंदू ठरवला तोच उद्या इमारतीमागे जाईल. जाऊ द्या. डोंगर झाकला जाणं हीच तर नोंद आहे. फक्त जवळच्या खुणा अशा निवडा ज्या टिकतील: मोरी, जलकुंभ, देवळाचा पार, मोठा उंबर किंवा वड. खांब, मैलाचा दगड आणि होर्डिंग यांच्यावर विसंबू नका, रस्ता रुंद झाला की ते सगळ्यांत आधी हलतात. सिंहस्थाच्या कामांत तर रस्ते फारच भराभर रुंदावताहेत.

एकाच जागी उभं राहून वाढ टिपायची ही कल्पना आपल्या मातीतही जुनी आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेत चित्रित केली होती, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. परदेशात १९७५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये एक प्रदर्शन झालं. रॉबर्ट ॲडम्स, लुईस बाल्ट्झ, जर्मनीचे बर्न्ड आणि हिला बेखर अशा मंडळींनी नव्या वसाहती, गोदामं, औद्योगिक इमारती कसलाही शृंगार न करता त्यात मांडल्या होत्या. त्यांचं काम जरूर बघा, पण त्यांचं पांढरं कोरडं आभाळ इथं आणायचा प्रयत्न करू नका. आपल्याकडे पावसाळा आहे, आणि तो या कामात अर्धा खोटारडा साक्षीदार आहे.

कसा ते सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये पडीक प्लॉटवर गाजर गवत आणि टाकळा कमरेएवढा वाढतो. दगड, मुरमाचे रस्ते, उकरलेले खड्डे सगळं त्याखाली जातं आणि बिनशेती लेआऊट फोटोत हिरवंगार शेत दिसतं. मेमध्ये तीच जमीन उघडी पडते, रेषा न् रेषा वाचता येते. म्हणून एकाच बिंदूचे मे अखेरचे आणि ऑगस्टचे असे दोन्ही फोटो हवेत. द्राक्षबागेचंही असंच आहे. बाग चालू आहे की सोडून दिलीय हे उन्हाळ्यात लांबून कळत नाही, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सगळ्याच बागा बोडक्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मात्र चालू बाग नव्या फुटीनं पोपटी होते आणि सोडलेल्या बागेत वाळक्या काड्या तारांना लटकत राहतात. तेव्हा ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही फेरी चुकवू नका. चौथी फेरी फेब्रुवारीत, माल उतरत असताना, म्हणजे बागेत माणसंही दिसतात.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या फेऱ्यांत एक सोय आहे. १ नोव्हेंबरला सूर्याचा आकाशातला मार्ग जो असतो जवळपास तोच १० फेब्रुवारीला असतो. सावल्या तंतोतंत जुळतात, फक्त घड्याळात फरक पडतो: फेब्रुवारीत साधारण अर्धा तास उशिरा उभं राहायचं. नोव्हेंबरमध्ये सकाळी ८ वाजता फोटो काढला असेल तर फेब्रुवारीत साडेआठला. सावल्या सारख्या असल्या की बघणाऱ्याचं लक्ष उजेडातल्या फरकाकडे न जाता जमिनीवरच्या फरकाकडे जातं.

उजेडाचं आणखी थोडं, कारण इथं लोक परदेशी पुस्तकी नियम लावतात आणि फसतात. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या २३-२४ ला मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारी चक्क आपल्या उत्तरेला असतो. शिवाय आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहते, तिच्यावर तिरपं ऊन हवं असेल तर एप्रिल-मेच्या सकाळी किंवा संध्याकाळी जा. दक्षिणमुखी इमारतींना डिसेंबर-जानेवारी उत्तम, तेव्हा दुपारीही सूर्य फार वर चढत नाही, २२ डिसेंबरच्या सुमारास तर ४६-४७ अंशच.

यातून उंचावरच्या जागांचंही ठरतं. पांडवलेणीवरून शहर उत्तरेला आणि ईशान्येला पसरलेलं दिसतं, म्हणजे हिवाळ्यात सूर्य तुमच्या पाठीशी आणि शहर उजेडात. चांभार लेणीवरून उलट: शहर दक्षिणेला, हिवाळ्यात दिवसभर तोंडावर सूर्य आणि खाली गोदावरीच्या पट्ट्यात धुराचा थर. तिथून शहर घ्यायचं तर एप्रिल-मे, किंवा पाऊस नुकताच धुऊन गेल्यानंतरचे दोन दिवस. म्हसरूळच्या सपाटीवरून डोंगराकडे तोंड करून घ्यायचं असेल तर मात्र हिवाळाच चांगला. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, हातात कॅमेरा धरून फोटो काढता येतात, तिपाईला परवानगी लागते.

आता लेन्स. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सइतकं रुंद बघतो. एवढ्या रुंदीत जवळचं गवत भलतं मोठं आणि दूरची इमारत बारीक होते, म्हणून तुमचे फोटो गवताचे झालेत. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ३५ किंवा ५० मिमी घ्या, मोबाइल असेल तर दुप्पट झूमवर ठेवा. एकदा जे ठरवाल ते वर्षानुवर्षं तेच. झूम लेन्स असेल तर ती एका आकड्यावर चिकटपट्टी लावून बसवा, विनोद नाही. कॅमेरा वर उचलू नका. पातळीत ठेवला की इमारतीच्या उभ्या रेषा उभ्या राहतात, वरचा मजला कापला जात असेल तर मागं जा किंवा फ्रेम उभी करा. उभ्या रेषा न वाकवता वरचं दृश्य फ्रेममध्ये घेणारी शिफ्ट लेन्स सुंदर असते, महाग असते, आणि या कामाला तिच्यावाचून काही अडत नाही. आयएसओ १००, छिद्र एफ ८, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता 'सूर्यप्रकाश' वर. ऑटो ठेवलं तर एका वर्षी माती तांबडी आणि दुसऱ्या वर्षी राखाडी दिसेल, आणि ती माती तशी झाली की कॅमेऱ्यानं केली हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही. रंग गडद करणारी ॲप्स याच कारणासाठी वर्ज्य.

इमारती वाचायला शिका, मग कुठली फ्रेम घ्यायची हे आपोआप कळतं. सिडकोच्या जुन्या योजनांतली बैठी घरं आणि त्यांच्यावर मालकांनी आपापल्या ऐपतीनं चढवलेले मजले: एका रांगेत उभं राहिलं की प्रत्येक कुटुंबाची कमाई भिंतीवर दिसते. मग रो-हाऊस, मग खाली पार्किंग आणि वर चार मजले, मग लिफ्टवाल्या सात मजली, आणि आता उंच टॉवर. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यानंतर उंची कशी वाढली हे नाशिकच्या क्षितिजावर उघड दिसतं. लाल विटांच्या भिंती गेल्या, राखाडी, हलक्या काँक्रीटचे एएसी ब्लॉक आले. काही ठिकाणी भिंतही ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबरच ओतली जाते, तिथं वीटकाम नसतंच. हा बदल टिपायचा तर प्लास्टर होण्याआधी जायला हवं, नंतर सगळ्या सारख्याच रंगवलेल्या. बांधकामावर टांगलेली काळी बाहुली, हिरवी जाळी, पाण्याच्या टाकीशेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, सगळ्यांत आधी बांधलं जाणारं आणि सगळ्यांत आधी पाडलं जाणारं विक्री कार्यालय, हे सुटू देऊ नका.

तयार इमारत म्हणजे राहती इमारत नव्हे. काही वर्षांपूर्वी नाशिकमध्ये 'कपाटा'चं प्रकरण गाजलं होतं. कपाटांसाठी मंजूर झालेली जागा खोलीत घेतल्यानं चटईक्षेत्राचा वाद झाला, पूर्णत्वाचे दाखले अडकले, आणि रंगवून तयार असलेल्या इमारती तशाच उभ्या राहिल्या. दिवसाच्या फोटोत हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूचा एक फोटो सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी घ्या, आभाळात उजेड असतो आणि खिडक्यांत दिवे लागलेले असतात. कोणत्या मजल्यावर माणसं आहेत हे मोजता येतं. याहून नेमकी वेळ दिवाळीची. ज्या फ्लॅटमध्ये कुटुंब राहतं त्याच्या बाल्कनीत बहुतेकदा आकाशकंदील असतो, गुंतवणुकीचा फ्लॅट काळा. दर दिवाळीला एकाच जागेवरून त्या इमारतींचा फोटो काढलात तर वस्ती कशी भरत गेली याचा असा आलेख मिळेल जो कुठल्याही कार्यालयात नाही.

फलकांचे फोटो कलेसाठी नाही, नोंदीसाठी काढा. १ मे २०१७ पासून रेरा हा बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक येऊ लागला, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही आला. त्या क्रमांकावरून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प कधी पूर्ण करणार असं सांगितलं होतं ते कळतं. गट नंबर कळला की सातबारा ऑनलाइन बघता येतो. गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं वर्षावार मागं नेऊन बघता येतात, त्यात तुमच्या बिंदूसमोरची बाग कोणत्या वर्षी गेली हे बऱ्यापैकी सापडतं. ही माहिती फोटोखाली दोन ओळींत लिहा. नुसतं 'मखमलाबाद, २०२५' लिहिलं तर दहा वर्षांनी त्याचा कुणाला उपयोग नाही. गावात त्या तुकड्याला काय म्हणतात, अमक्याचा मळा की तमकं रान, तेही विचारून घ्या. मात्र आज तिथं राहणाऱ्या माणसाचं नाव आणि घराचं नेमकं ठिकाण सर्वांसमोर टाकताना काढून टाका.

विचारायचं म्हणजे माणसांशी बोलणं आलं, आणि तुमच्या हटकण्याच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. तिपाई लावून शेताकडे बघत उभा असलेला माणूस गावात एकच असतो: मोजणीवाला. रिंगरोड, महामार्ग, नगररचना योजना, एवढ्या मोजण्या या भागानं पाहिल्यात की संशय स्वाभाविक आहे. तिपाई उघडण्याआधी बोला. 'राम राम बाबा, मी इथंच म्हसरूळला राहतो, बागांचे फोटो काढतो, मोजणीचा नाही' एवढं सांगितलं की बहुतेक वेळा चहा येतो, आणि 'तिकडच्या विहिरीचा काढा, ती बुजवणारेत' अशी बातमीही. पुढच्या खेपेला त्यांना त्यांच्या बागेची प्रिंट द्या. मोबाइलवर पाठवू नका, प्रिंट द्या. वॉचमन हटकेल तर वाद घालू नका, रस्त्यावर या आणि रस्त्यावरून काढा. इमारतीचा फोटो काढणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही, पण खासगी आवारात शिरायचा हक्क त्यानं मिळत नाही. पेठ-सुरगाण्याकडून किंवा परराज्यांतून आलेल्या मजुरांच्या खोल्यांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. ती त्यांची घरं आहेत, दार नसलं तरी.

काही जागांकडे कॅमेरा वळवूच नका: देवळालीचा लष्करी भाग, नाशिकरोडचे नोटांचे आणि सिक्युरिटी प्रेसचे परिसर, गांधीनगर आणि ओझरचे विमानतळ. ड्रोनचं उत्तरही यातच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २ किलोपर्यंतच्या ड्रोनला हौशी वापरासाठी पायलट परवाना लागत नाही, पण निषिद्ध क्षेत्राचे नियम त्यालाही आहेत, आणि नाशिकभोवती लष्करी व हवाई ठिकाणं इतकी आहेत की सरकारचा 'डिजिटल स्काय' हा ड्रोनसाठीचा नकाशा बघितल्याशिवाय उडवणं म्हणजे पोलीस चौकीचं आमंत्रण. पोलीस आयुक्तालयाचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेशही तपासा. खरं सांगायचं तर या कामाला ड्रोन नकोच. वरून सगळं नकाशासारखं दिसतं, आणि नकाशा उपग्रहानं आधीच काढून ठेवलाय. माणसाच्या उंचीवरून डोंगर कधी दिसेनासा झाला, हे ड्रोनला कळत नाही.

साठवण्याबद्दल फार लांबवत नाही. फाइलच्या नावात तारीख आणि बिंदूचा क्रमांक, वर्ष आधी: २०२५-११-०१-बिंदू०३. तीन प्रती, त्यांतली एक घराबाहेर. न आवडलेले फोटोही पुसू नका, कोपऱ्यात चुकून आलेली विहीर पुढे महत्त्वाची ठरते. एक वही ठेवा, तिच्यात त्या दिवशी कोण काय म्हणालं ते लिहा. आणि दरवर्षी निवडक फोटोंच्या चांगल्या शाईच्या प्रिंट काढून मागे पेन्सिलनं मजकूर लिहा. पाचेक वर्षांचं काम जमलं की सार्वजनिक वाचनालयात विचारून पाहा. १८४० पासून चाललेली संस्था आहे, जुन्या नाशिकचा अभ्यास करणारे तिथं येतात. प्रदर्शनाचा विचार त्यानंतर.

सुरुवात गच्चीपासून करा. सोसायटीच्या अध्यक्षांना सांगून कठड्यावर रंगाचा एक ठिपका करून घ्या, कॅमेऱ्याची जागा म्हणून. या मेच्या अखेरीस, गवत उगवायच्या आधी, पहिला फोटो काढा, आणि त्याच आठवड्यात कालव्याच्या वाटेनं चालून बाकीचे बिंदू ठरवा.